सॅटेलाइटची बॅटरी पंधरा वर्षं चालते, मग आमची साडेतीन वर्षांत का बसली?

तुझे प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू बेळगावात इलेक्ट्रिकल डिप्लोमा करतोस, गाव निपाणीकडचं, बाबांनी घरावर सोलर बसवलं आणि त्याच्या ट्यूबलर, म्हणजे लेड-ॲसिडच्या, बॅटऱ्या साडेतीन वर्षांत बसल्या. तू विचारलंयस की ताई, वर ढग नाहीत, पाऊस नाही, ऊन कायम, मग सॅटेलाइटला बॅटरी लागते कशाला? आणि लागतच असेल तर ती दहा-पंधरा वर्षं कशी चालते, असं काय भारी घालतात त्यात जे आम्हाला दुकानात मिळत नाही? आणि शेवटी, कॉलेजात दहा वॅटचं छोट्या सॅटेलाइटचं मॉडेल करताय त्याला बॅटरी केवढी घ्यायची.

मी मूळची खानापूरची, बेंगळूरला बावीस वर्षं हेच काम केलं, सॅटेलाइटच्या बॅटरीचे सेल निवडायचे, पॅक जुळवायचा, महिनोन्‌महिने टेस्टला लावून त्याच्याजवळ बसायचं. आता टिळकवाडीत राहते. हा माझ्या अगदी जवळचा विषय आहे त्यामुळं उत्तर लांबणार, चहा घेऊन बस.

पहिलं, ऊन कायम नसतं. जमिनीपासून पाचशे किलोमीटरवर जो सॅटेलाइट फिरतो तो साधारण ९५ मिनिटांत पृथ्वीला एक चक्कर मारतो, आणि त्यातली ३५ मिनिटांपर्यंत तो पृथ्वीच्या सावलीत असतो. म्हणजे एक तास ऊन, अर्ध्या तासाहून जरा जास्त काळोख, परत एक तास ऊन, परत काळोख, असं दिवसाला पंधरा वेळा. आम्ही त्या काळोखाला एक्लिप्स म्हणतो, ग्रहणच ते. त्या वेळात पॅनलमधून शून्य वॅट येतात पण कॉम्प्युटर चालू पाहिजे, रेडिओ चालू पाहिजे, हीटर तर उलट तेव्हाच जास्त लागतात. हिशोब कर, दिवसाला पंधरा म्हणजे वर्षाला साडेपाच हजार वेळा बॅटरी भरली आणि रिकामी झाली. तुझ्या घरची बॅटरी रोज एकदा वापरली तर पंधरा वर्षांत जेवढे सायकल होतील तेवढे ही एका वर्षात करते. पाच वर्षं चालली तर सत्तावीस हजारांच्या वर. हा आकडा लक्षात ठेव, पुढचं सगळं ह्याच्याभोवतीच फिरतंय.

टीव्हीचे आणि कम्युनिकेशनचे जे मोठे सॅटेलाइट, छत्तीस हजार किलोमीटरवरचे, त्यांचं गणित पूर्ण वेगळं. ते इतके लांब आहेत की बहुतेक वर्षभर पृथ्वीची सावली त्यांच्या वरून नाहीतर खालून निघून जाते. फक्त मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, जेव्हा दिवस-रात्र सारखी होते, तेव्हा दीडेक महिना रोज एकदा सावली लागते, जास्तीत जास्त ७२ मिनिटं. वर्षाला नव्वदेक वेळा, पंधरा वर्षांत साडेतेराशे. म्हणून तिथल्या बॅटरीतून सत्तर-ऐंशी टक्के काढलं तरी चालतं, पाचशे किलोमीटरवरच्या बॅटरीतून तेवढं काढलं तर ती वर्षभरात खलास. म्हणून कुणी नुसतं 'सॅटेलाइटची बॅटरी' म्हटलं की मी आधी विचारते, कुठल्या ऑर्बिटची?

आणि सावली नसली तरी बॅटरी पाहिजेच. रॉकेटवर चढल्यापासून पॅनल उघडेपर्यंत कोण करंट देणार? काही बिघडून सॅटेलाइट गरगर फिरायला लागला, पॅनलनं सूर्याकडं पाठ केली, तर तो सावरेपर्यंत बॅटरीच. रडारवाले सॅटेलाइट फोटो घेताना काही मिनिटं एवढी पॉवर ओढतात की पॅनल एकट्यानं पुरत नाहीत, तेव्हापण बॅटरी हात देते.

आता आत काय घालतात ते. १९५७ चा स्पुटनिक आठवत असेल पुस्तकातला, त्यात सिल्व्हर-झिंकची एकदाच वापरायची बॅटरी होती, वजनाचा निम्म्याहून जास्त भाग बॅटरीच, आणि तीन आठवडे बीप-बीप करून ती संपली, नंतर सॅटेलाइट जानेवारीपर्यंत मुका फिरत राहिला. दुसऱ्या वर्षी अमेरिकेच्या व्हॅनगार्ड-१ नं सोलर सेल नेले, त्याचा बॅटरीवरचा ट्रान्समीटर जूनपर्यंत बंद पडला पण सोलरवरचा १९६४ पर्यंत बोलत होता. मग सोलर आणि परत भरता येणारी बॅटरी अशी जोडी जमली, १९५९ च्या एक्सप्लोरर-६ पासून निकेल-कॅडमियम. पुढची कितीतरी वर्षं हीच चालली. दणकट, पण जड, आणि नुसतं वरवर वापरलं की तिला तीच सवय लागते, मग ग्रहणाचा सीझन यायच्या आधी तिला मुद्दाम रेझिस्टरवर खालपर्यंत उतरवून परत भरायची, आम्ही त्याला रिकंडिशनिंग म्हणायचो.

त्यानंतरची निकेल-हायड्रोजन मला मनापासून आवडते. तिचा सेल म्हणजे एक छोटं सिलिंडरच, आत खरा हायड्रोजन गॅस, चार्ज होताना प्रेशर वाढतं, डिस्चार्ज होताना कमी होतं. भरलेल्या सेलमध्ये गाडीच्या टायरच्या वीस-पंचवीस पट प्रेशर सहज. त्यामुळं सेलच्या अंगावर स्ट्रेन गेज चिकटवला की धातू किती ताणला त्यावरून बॅटरी किती भरली ते सरळ वाचता येतं, घरातल्या गॅस सिलिंडरला काटा लावल्यासारखं. बाकी कुठल्याच बॅटरीत इतकं सोपं नाही, लिथियममध्ये आम्ही व्होल्टेज, करंट, तापमान सगळं जोडून अंदाज बांधत बसतो. आणि ओव्हरचार्ज झाली तर ती फक्त तापायची, मरायची नाही. हबल दुर्बीण एप्रिल १९९० मध्ये वर गेली ती अशा सहा बॅटऱ्या घेऊन, आणि त्या बदलल्या मे २००९ मध्ये, एकोणीस वर्षांनी! दर दीडेक तासाला ग्रहण घेणाऱ्या बॅटऱ्या. मला अजून ऊर भरून येतो ते आठवलं की.

आता सगळीकडं लिथियम-आयन. कारण वजन. एक किलो वर न्यायचा खर्च बघितलास तर कळेल, आणि लिथियम एका किलोत निकेलवाल्यांच्या दुप्पट-तिप्पट एनर्जी साठवते. स्पेस स्टेशनवर २०१७ ते २०२१ मध्ये ४८ निकेल-हायड्रोजन काढून त्यांच्या जागी फक्त २४ लिथियम बसवल्या, एवढ्यावरून समज. आपल्या चंद्रयान-१ मध्येही लिथियमच होती. तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई केंद्रात सेल बनवले आणि २०१८ मध्ये इसरोनं ते तंत्रज्ञान आपल्या देशातल्या कंपन्यांना द्यायची जाहिरात काढली.

पण 'असं काय भारी घालतात' ह्याचं खरं उत्तर ऐक. २२ ऑक्टोबर २००१ ला आपल्याच श्रीहरिकोट्यातून पीएसएलव्ही-सी३ वर युरोपचा प्रोबा-१ नावाचा छोटा सॅटेलाइट गेला. त्याच्या बॅटरीत सोनीचे साधे १८६५० सेल होते, तेव्हा कॅमेऱ्यात, लॅपटॉपमध्ये जे असायचे तेच. बोटभर लांबीचे. दोन वर्षांसाठी पाठवलेला सॅटेलाइट वीस वर्षांच्या वर चालला. लॅपटॉपमध्ये तोच सेल तीन वर्षांत मरतो आणि वर वीस वर्षं जगतो. मग फरक सेलमध्ये आहे की वागवण्यात?

वागवण्यात. आणि वागवण्यातली पहिली गोष्ट म्हणजे एका वेळी किती काढायचं, डेप्थ ऑफ डिस्चार्ज. पाचशे किलोमीटरवर आम्ही शंभरातले वीस ते तीस टक्केच वापरतो, फार झालं तर चाळीस. उरलेलं सत्तर टक्के तसंच पडून. नवीन आलेल्या पोरांना हे बघून जीव तुटायचा, मॅडम एवढं वजन वर न्यायचं आणि वापरायचं नाही? पण सेलच्या आत बघ काय होतं ते. चार्ज होताना लिथियम ग्रॅफाइटच्या थरांत शिरतो, ग्रॅफाइट फुगतं, डिस्चार्जला बाहेर येतो, आकसतं. प्रत्येक फुगण्या-आकसण्याला पृष्ठभागावरचा पातळ थर जरा फाटतो, तो भरायला थोडा लिथियम कायमचा खर्ची पडतो. जेवढी मोठी उडी तेवढी मोठी फाट. वीस टक्क्यांच्या छोट्या उड्या मारल्या तर तोच सेल तीस-चाळीस हजार वेळा साथ देतो, पूर्ण रिकामा-पूर्ण भरला केलं तर हजाराच्या आसपास दमतो. वरचं टोकपण तसंच. ४.२ व्होल्टपर्यंत भरायचा सेल आम्ही ४.१ लाच थांबवतो. दहा टक्के एनर्जी सोडून दिली, पण आयुष्य किती वाढतं! छत्तीस हजार किलोमीटरवाल्यांना तर ग्रहण नसलेल्या महिन्यांत अर्धवट भरून थंड ठेवतात, कारण भरलेला आणि गरम सेल नुसता बसूनपण म्हातारा होतो.

तुझ्या घरी उलटं झालंय बघ. इन्व्हर्टर बॅटरी ओढतो कुठपर्यंत, तर लो बॅटरीची शिट्टी वाजेपर्यंत. आमच्या लेखी शिट्टी वाजली म्हणजे मिशन धोक्यात.

दुसरी गोष्ट तापमान, आणि ह्यात माझा हात चांगलाच पोळलाय. वर हवा नाही, म्हणजे पंख्याचा उपयोग नाही, उष्णता फक्त बेसप्लेटमधून वाहून किंवा किरणांनी बाहेर जाते. लिथियमला दहा ते पंचवीस डिग्री आवडतात. शून्याखाली डिस्चार्ज केली तर कमी देईल पण मरणार नाही, शून्याखाली चार्ज केली तर मात्र लिथियमला ग्रॅफाइटमध्ये शिरायला वेळ मिळत नाही, तो बाहेरच धातू होऊन साचतो, तो गेलाच, आणि त्याच्या सुया वाढल्या तर आतल्या आत शॉर्ट. हे सगळं मला पाठ होतं. तरीपण झालं. तेव्हा मी जिथं कामाला होते तिथं एक पॅक थर्मल चेंबरमध्ये होता, रात्रपाळी माझी. तापमान बघणारा सेन्सर सेलला टेपनं चिकटवलेला, त्या टेपची एक कड सुटली आणि सेन्सर बाजूच्या हीटरच्या पट्टीला जाऊन टेकला. स्क्रीनवर बारा डिग्री, छान हिरवं. खरा सेल होता उणे सहाच्या आसपास. रात्रभर तो तसाच चार्ज-डिस्चार्ज होत राहिला. सकाळी डिस्चार्जचा ग्राफ काढला तर सुरुवातीलाच, जिथं रेघ गुळगुळीत उतरायला पाहिजे, तिथं एक बारीकशी पायरी. नखाएवढी. बाकी कुणी बघितली नसती, मी बघितली आणि पोटात गोळाच आला, कारण ती पायरी म्हणजे बाहेर साचलेला लिथियम आधी विरघळतोय त्याची खूण. कपॅसिटी मोजली तर चारेक टक्के गेलेली. चार टक्क्यांनी काय होतंय असं वरच्यांपैकी एकजण म्हणाला, मी सही करायला नाही म्हणाले. सुया दिसत नाहीत, त्या पाच वर्षांनी दिसतात, तेव्हा वर जाऊन कोण बघणार? तो पॅक बाद झाला. त्यानंतर आम्ही प्रत्येक पॅकला तीन सेन्सर लावायला लागलो, दोघांचं जुळलं तरच खरं मानायचं.

तिसरी गोष्ट जुळणी. ह्यावर मी दिवसभर बोलू शकते. तुमच्या निपाणी-चिकोडीकडं शर्यतीची बैलजोडी जुळवताना लोक काय काय बघतात माहीत आहे ना, एकटा बैल कितीही ताकदीचा असू दे, जोडीचा चालीत कमी पडला तर गाडी तिरकीच जाणार. सिरीजमधले सेल असेच. करंट सगळ्यांतून एकच वाहतो. आठ सेल सिरीजमध्ये आहेत आणि एक जरा अशक्त आहे, तर डिस्चार्जला तो सगळ्यात आधी रिकामा होतो आणि बाकीचे सात त्याला अजून खाली खेचतात, चार्जला तोच सगळ्यात आधी भरतो आणि बाकीच्यांसाठी त्याला वर ढकललं जातं. दोन्हीकडून मार त्यालाच. बाहेरून पॅकचं व्होल्टेज बघितलं तर सगळं ठीक दिसतं.

म्हणून आम्ही काय करायचो, एकाच लॉटचे शेकडो सेल मागवायचे. प्रत्येकाला नंबर. वजन करायचं, एक्स-रे काढायचा, आतली गुंडाळी सरळ आहे का बघायची. तीन वेळा पूर्ण चार्ज-डिस्चार्ज करून कपॅसिटी, मग करंटचा एक झटका देऊन व्होल्टेज किती पडतं त्यावरून आतला रेझिस्टन्स. आणि मग माझी सगळ्यात आवडती टेस्ट, जिच्यात काहीच करायचं नसतं. सेल भरायचे, ट्रेमध्ये ठेवायचे, दार बंद करायचं आणि दोन-तीन आठवडे हात लावायचा नाही. नंतर मीटर घेऊन एकेकाचं व्होल्टेज, मिलिव्होल्टच्याही खालच्या आकड्यापर्यंत. सगळे थोडेथोडे उतरलेले असतात, सारखेच. त्यात एखादा असतो जो दोन-तीन मिलिव्होल्ट जास्त उतरलाय. कपॅसिटी चांगली, रेझिस्टन्स चांगला, एक्स-रे चांगला, पण आत कुठंतरी धुळीच्या कणाएवढी गळती आहे. तो बाजूला. सुरुवातीला मला एवढा चांगला सेल टाकून द्यायला वाईट वाटायचं, मग एकदा असाच एक सेल हट्टानं वेगळा टेस्टला लावला, सहा महिन्यांनी तो इतरांच्या मानानं कुठल्या कुठं घसरला. तेव्हापासून वाईट वाटायचं बंद झालं. एवढं करूनपण वर गेल्यावर सेल हळूहळू फाकतात, म्हणून बॅलन्सिंगचं सर्किट असतं, जास्त भरलेल्याला थोडं रेझिस्टरवर उतरवून सगळ्यांना एका पातळीला आणणारं. निकेलवाल्या बॅटरीत थोडं ओव्हरचार्ज करून सगळे आपोआप सारखे व्हायचे, लिथियममध्ये ती सोय नाही, ओव्हरचार्ज म्हणजे आग.

तुझ्या बाबांनी चारांपैकी एक बॅटरी गेल्यावर तेवढी एकच नवीन आणून जोडली असं लिहिलंयस. आता कळलं असेल नंतरच्या सहा महिन्यांत बाकीच्या का बसल्या. नव्याला जुन्यांच्या जोडीला जुंपला.

घरचंच अजून एक राहिलं, पावसाळा. आपल्याकडं, खानापूरकडं तर जास्तच, जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. पॅनल थोडंफार देतं, घर तेवढं खातं, बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही. लेड-ॲसिड बॅटरी अर्धवट भरलेली राहिली की प्लेटवर सल्फेट धरतो, आधी मऊ असतो, आठवड्यांनी दगड होतो, मग कितीही चार्ज करा. लिथियमला अर्धवट आवडतं, लेड-ॲसिडला अजिबात नाही, हा फरक लोकांना कुणी सांगतच नाही. पावसाळ्यात दहा-बारा दिवसांतून एकदा तरी लाइनवरून पूर्ण चार्ज द्यायचा. आणि बॅटरी पत्र्याच्या शेडमधून काढून आतल्या भिंतीला ठेवा, एप्रिल-मे मध्ये पत्र्याखाली काय होतं ते तुला सांगायला नको. डिस्टिल्ड वॉटर महिन्याला बघायचं, संपल्यावर नाही.

लांब ग्रहण काय करतं ह्याचं मोठं उदाहरण मंगळयान. ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालं, २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत, सहा महिन्यांसाठी ठरवलेलं आणि साडेसात वर्षं चाललं. त्याची बॅटरी एक तास चाळीस मिनिटांच्या ग्रहणासाठी बनवलेली होती. २०१७ च्या जानेवारीत समोर खूप लांब ग्रहण येत होतं, तेव्हा इंधन खर्चून कक्षाच बदलली आणि ते चुकवलं. पण इंधन काय परत भरता येत नाही. एप्रिल २०२२ मध्ये एकापाठोपाठ एक ग्रहणं आली, त्यातलं एक साडेसात तासांचं. त्यानंतर संपर्क तुटला. मी त्या प्रकल्पावर नव्हते, तरी ती बातमी वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही, कारण त्या साडेसात तासांत आत काय काय होत गेलं असेल ते मला डोळ्यांपुढं दिसत होतं. आधी व्होल्टेज हळूहळू उतरणार, मग शेवटी एकदम कोसळणार, हीटर बंद, मग थंडी.

चंद्रयान-३ चं तसंच. विक्रम २३ ऑगस्ट २०२३ ला उतरला, काम एका चांद्रदिवसाचं, आपले चौदा दिवस, ते चोख झालं. मग बॅटऱ्या पूर्ण भरून, रिसीव्हर चालू ठेवून झोपवला. चौदा दिवसांची रात्र, तापमान उणे शंभराच्याही बरंच खाली. सप्टेंबरच्या शेवटी ऊन आल्यावर हाका मारल्या, उठला नाही. बरेचजण मला विचारायचे बॅटरी कमी पडली का. कमी पडली नाही, तेवढ्या थंडीत इलेक्ट्रोलाइटच गोठतो, त्याच्यासाठी आत किरणोत्सारी पदार्थाची शेगडी ठेवावी लागते, आणि ती न ठेवायचं आधीच ठरलेलं होतं.

मेलेल्या सॅटेलाइटच्या बॅटरीचं काय, हे तू विचारलं नाहीस पण सांगते, कारण ह्याकडं फार दुर्लक्ष होतं. सॅटेलाइट बंद पडला तरी पॅनलवर ऊन पडतच राहतं, बॅटरी चार्ज होतच राहते, कंट्रोल करणारं कुणी नाही. ३ फेब्रुवारी २०१५ ला अमेरिकेचा डीएमएसपी-एफ१३ हा हवामानाचा सॅटेलाइट, वीस वर्षांचा, फुटला, बॅटरीच्या वायरिंगमध्ये शॉर्ट होऊन, आणि त्याचे तुकडे कक्षेत पसरले. म्हणून आता काम संपलं की बॅटरी पॅनलपासून तोडायची आणि रिकामी करायची, ह्याला पॅसिव्हेशन म्हणतात. ते स्विच पहिल्या दिवसापासून डिझाइनमध्ये पाहिजेत. शेवटच्या दिवशी वर जाऊन वायर कापता येत नाही. स्पेस स्टेशनच्या त्या काढलेल्या जुन्या बॅटऱ्यांपैकी काही मार्च २०२१ मध्ये सोडून दिल्या होत्या, वाटेत सगळं जळेल असा हिशोब, पण ८ मार्च २०२४ ला त्या बॅटऱ्या ज्यावर बसवल्या होत्या त्या सांगाड्याचा पाऊण किलोच्या आसपासचा धातूचा तुकडा फ्लोरिडात एका घराचं छप्पर फोडून आत आला.

आता तुझं मॉडेल. कागद घे. लोड १० वॅट, काळोख ३५ मिनिटं, म्हणजे ५.८ वॅट-अवर. वायर आणि कन्व्हर्टरमध्ये दहा टक्के जाणार, ६.५ धर. हे बॅटरीच्या पंचवीस टक्केच असलं पाहिजे, म्हणजे बॅटरी २६. आयुष्याच्या शेवटी ती वीस टक्के म्हातारी झालेली असेल, २६ भागिले ०.८, साडेबत्तीस. ४.१ ला थांबवणार म्हणून दहा टक्के अजून, ३६. १८६५० चा एक बरा सेल ३.६ व्होल्ट, ३ अँपिअर-अवर, म्हणजे १०.८ वॅट-अवर. तीन सेलला ३२ होतात, कमी पडतात, चार घे, दोन सिरीजमध्ये अशा दोन लाइनी पॅरललमध्ये. ४३ वॅट-अवर, सेलचं वजन दोनशे ग्रॅमच्या आत. एक लाइन मेली तर उरलेल्या लाइनवर डिस्चार्ज तेहतीस टक्क्यांच्या आसपास जातो, लवकर म्हातारी होईल पण मिशन चालू राहील. पाऊच सेल, म्हणजे मऊ फॉइलच्या पिशवीतले, घेऊ नकोस, व्हॅक्यूममध्ये ते पापडासारखे फुगतात. पॅनलचं गणित असं, उन्हाचा एकच तास आहे आणि त्यात गेलेले साडेसहा परत भरायचे, चार्जरचं नुकसान धरून साडेसात वॅट, अधिक चालू लोडचे दहा, साडेसतरा, आणि पॅनल रेडिएशननं कमी होतं, सूर्याला नेहमी सरळ नसतं, म्हणून बावीसच्या खाली जाऊ नकोस.

सेल घेताना एका लॉटचे वीस घे, चार नाही. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले तर अजिबात नकोत, कितीही स्वस्त मिळू देत. प्रत्येकावर पेनानं नंबर टाक, पाव सीच्या, म्हणजे चार तासांत सेल भरेल एवढ्या, करंटनं तीनदा चार्ज-डिस्चार्ज कर, तिसऱ्या वेळची कपॅसिटी लिही, मग भरून तीन आठवडे वर्गातल्या कपाटात ठेव, आणि पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी दुपारी एकाच वेळेला, एकाच मीटरनं व्होल्टेज घे, कारण सकाळ-दुपारच्या तापमानानंपण मिलिव्होल्ट हलतो. वीसच्या वीस आकडे मला पाठव, चांगले वाटलेले निवडून नाही, सगळे. त्यातले चार कुठले घ्यायचे ते आपण दोघं बसून ठरवू.